जुन्या सायकलच्या फ्रेमला कमी खर्चात नवा रंग: घरचा स्प्रे की पावडर कोटिंग?

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी फ्रेम उन्हात न्या, साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा आणि वीतभर जागेवर रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने घासून बघा. वर्षानुवर्षांचा मळ आणि उन्हाने पांढुरका पडलेला वरचा थर निघाला की कित्येक फ्रेम्सचा मूळ रंग खालून झळकतो. कारखान्यातला रंग, त्यावरची अक्षरं, लगच्या (नळ्यांच्या सांध्यावरच्या नक्षीदार बाह्यांच्या) कडेने हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा खरवडल्या की गेल्या. गंज ठिपक्यांपुरता असेल तर तेवढीच जागा घासावी, गंजरोधक लावावं आणि बारीक ब्रशने जुळणारा रंग टेकवावा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि बहुतेक वेळा सगळ्यात बरोबरही. पूर्ण रंग काढायचा तो पोपडे सुटून खाली गंज पसरला असेल, किंवा कुणी आधीच मूळ रंगावर ब्रशने भलताच रंग फासला असेल तर.

तसं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. या कामात पैसे वाचतात ते स्वतःचे तास घालून: सायकल सुटी करणं, जुना रंग काढणं, आटे झाकणं, थर वाळेपर्यंत थांबणं. प्रायमर, वरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) आणि श्वासाचा मास्क यांत काटकसर केली तर सगळं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

आधी फ्रेम तपासा

जुन्या पोलादी फ्रेमच्या नळ्या लगमध्ये बसवून झाळलेल्या असतात. पितळी झाळ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, चांदीच्या मिश्रधातूची ६०० च्या वर. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पावडर विद्युतभाराने चिकटवून भट्टीत वितळवतात. ही भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, तेव्हा सांधे सुटतील ही भीती नको. जपायचं ते पातळ नळ्यांना. रेनॉल्ड्स ५३१ (१९३५ पासूनची) किंवा कोलंबस एसएलसारख्या नळ्यांचा मधला भाग जेमतेम ०.५ ते ०.६ मिमी जाडीचा असतो. जुना रंग काढण्यासाठी पावडरवाले करतात तो जाड वाळूचा जोरदार मारा (ब्लास्टिंग) त्यावर झाला तर पत्रा ठोकल्यासारखा होतो आणि लगच्या धारदार कडा बोथट होतात.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. आलान किंवा विटूस ९७९ सारख्या ॲल्युमिनियमच्या जुन्या फ्रेम्समध्ये नळ्या गोंदाने जोडलेल्या असतात. त्या भट्टीत कधीही घालू नयेत. लोहचुंबक चिकटत नसेल तर पावडरचा विचार तिथेच थांबवा आणि आधी फ्रेम कशी जोडली आहे ते शोधा.

मग तडे. टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरून उजेड तिरपा पाडा. हेड ट्यूबजवळचा (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीजवळचा) खालच्या नळीचा भाग, बॉटम ब्रॅकेटभोवतीचे (पॅडलचा धुरा जिथे बसतो त्या भागाभोवतीचे) सांधे, मागच्या एक्सलच्या खाचा आणि पुढच्या चिमट्याचं क्राउन (त्याचे दोन्ही पाय जुळतात तो वरचा भाग) इथे शोधा. केसाएवढी सरळ रेष आणि तिच्यातून झिरपलेला तपकिरी गंज दिसला, तर तो रंगाचा तडा असेलच असं नाही. जागा खरवडून धातू बघा.

फ्रेम सरळ आहे का हे दोऱ्याने कळतं. मागच्या उजव्या खाचेतून दोरा काढून हेड ट्यूबला वळसा घालून डाव्या खाचेत ताणून बांधा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक १-२ मिमीपेक्षा जास्त असेल तर आधी फ्रेम सरळ करून घ्या. मागच्या खाचांमधलं अंतर १२० वरून १२६ मिमी करणं, केबल अडकवायचा तुटलेला खुंट झाळून बसवणं, पोचा पितळेने भरणं, हीसुद्धा रंगाआधीचीच कामं. नव्या रंगावर ज्योत लागली की हातभर रंग जळालाच.

सुटी करताना

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. छर्रे मोजून, जागेचं नाव लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. बॉटम ब्रॅकेटमध्ये बहुतेकदा प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे असतात. हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) त्याहून लहान असतात आणि त्यांची संख्या बदलते, म्हणून अंदाजावर सोडू नका.

डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. तीच गोष्ट इंग्लिश आट्याच्या (१.३७ इंच, २४ आटे) बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या वाटीची (छर्रे धरणाऱ्या आटेदार कड्याची): ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. इटालियन (३६ मिमी) आणि बऱ्याच फ्रेंच (३५ मिमी) फ्रेम्समध्ये मात्र दोन्ही वाट्या नेहमीसारख्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतात. वाटीच्या तोंडावर मापं कोरलेली असतात, ती वाचल्याशिवाय लांब पाना लावू नका. चुकीच्या दिशेने जोर दिलेली वाटी आणखी आवळत जाते आणि आटे फाटतात.

कॉटर पिनवाले क्रँक (पाचरीसारख्या पिनने धुऱ्याला अडकवलेले पॅडलचे दांडे) असतील तर घाई महागात पडते. पिनचा नट काढून टाकू नका. तो पिनच्या टोकाबरोबर येईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे वाचतात. पिनचं डोकं ज्या बाजूने बाहेर येणार, तिथे क्रँकखाली लोखंडी पाईपचा तुकडा उभा धरा आणि तो जमिनीवर पक्का टेकवा, पिनचं डोकं पाईपच्या पोकळीत राहील असा. आता एकच भरीव ठोका. दहा हलके ठोके पिनचं टोक फुलवून ठेवतात आणि मग ड्रिलशिवाय मार्ग राहत नाही. जोडणीच्या वेळी कॉटर नवेच घ्या.

हँडलचं स्टेम काढताना वरचा बोल्ट ३-४ वेढे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका द्या, आतली पाचर खाली उतरते. सीटपोस्ट अडकला असेल तर गंज सैल करणारं तेल रोज थोडं सोडत दोन-तीन दिवस थांबा. पोस्ट तशीच ठेवून रंगवायचा मोह होतो. तिथे पुढे रंगाची कडा फाटतेच.

हेडसेटच्या वाट्या आतून लांब दांड्याने, आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकत काढा. घरी स्प्रे करणार असाल आणि बॉटम ब्रॅकेटची उजवी वाटी सुस्थितीत असेल तर ती राहू दिली तरी चालतं. भट्टीत जाणार असेल तर सगळं निघालंच पाहिजे, कारण आट्यांत उरलेलं ग्रीस तापून बाहेर येतं आणि त्याभोवती पावडर फुगते.

हेड ट्यूबवरचा पितळी बिल्ला दोन बारीक रिव्हेटवर असतो. हेड ट्यूब मोकळी झाली की त्या रिव्हेटची टोकं आतून दिसतात. ती आतून कानशीने सपाट करून बाहेर ढकलली तर बिल्ला न वाकता निघतो. पुढून पेचकसाने उचकटलेल्या बिल्ल्याला कायमची घडी पडते.

रंग काढण्याआधीच्या नोंदी

सिरियल नंबरचा फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्या. जाड पावडरखाली उथळ अंक बुजतात आणि पुढे सायकलची ओळख पटवताना अडचण येते. प्रत्येक अक्षरपट्टीवर ट्रेसिंग पेपर ठेवून आकार उतरवा, लगच्या टोकापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. नवी अक्षरं छापून घ्यायची तर हेच माप लागतं.

मूळ रंग जुळवायचा असेल तर नळीच्या मधल्या भागावर विसंबू नका, तो उन्हाने बदललेला असतो. बिल्ल्याखाली, सीट आवळणाऱ्या कड्याखाली, बॉटम ब्रॅकेटच्या पोटाशी केबलच्या पट्टीखाली बघा. जी फ्रेम बाहेरून विटकी निळी दिसते, तिच्या बिल्ल्याखाली नखाएवढ्या जागेत गडद मोरपंखी चकाकी सापडते. रंगाच्या दुकानात तोच भाग दाखवा.

स्प्रे, ब्रश की पावडर?

रोज वापरायची, पावसात उभी राहणारी, जाड नळ्यांची सायकल असेल आणि तिच्यावर जपण्यासारखी नक्षी नसेल, तर पावडर. ६० ते ८० मायक्रॉनचा एकसंध थर एका दिवसात मिळतो आणि तो ओरखडे चांगले सोसतो. पातळ नळ्या, कोरीव लग, क्रोमचे भाग, क्लिअरखाली बसवायची अक्षरं असतील तर ओला रंग. पावडर लगच्या धारेवरून गुबगुबीत बसते आणि कारागिराने कानशीने काढलेली रेघ झाकून टाकते. शिवाय ओला रंग पुढे ठिपक्यापुरता दुरुस्त करता येतो. पावडरवर ठिपका लावला तर तो वेगळा दिसतोच.

ब्रशला उगाच नाकारू नका. काळ्या किंवा हिरव्या रोडस्टरवर (जुन्या धाटणीच्या जड सायकलवर) सिंथेटिक एनॅमल थिनरने १० टक्क्यांपर्यंत पातळ करून मऊ केसांच्या ब्रशने तीन हात दिले, पुढच्या हाताआधी दरवेळी दिवसभर वाळू देऊन ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं, तर दोन हात लांबून ब्रशच्या खुणा दिसत नाहीत. सगळ्यात कमी सामान यात लागतं. वाळायला मात्र सगळ्यात जास्त दिवस.

जुना रंग काढणं

जुन्या रंगांत शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका आणि हीट गनने रंग जाळू नका. रासायनिक पेंट रिमूव्हर लावा किंवा पाण्याने ओलं ठेवून घासा, निघालेला चिखल कागदावर गोळा करा, मुलांना लांब ठेवा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

रिमूव्हर हात-दोन हात लांबीच्या भागावर जाडसर थापा आणि वर प्लास्टिक गुंडाळा, म्हणजे तो सुकत नाही. रंग सुरकुतून उचलला की बोथट पट्टीने ओढा. लगच्या खाचांमध्ये पितळी तारेचा ब्रश आणि दात घासायचा जुना ब्रश चालवा. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवटी रिमूव्हरच्या डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने सगळं पुसून काढा. लगच्या खाचेत राहिलेला रिमूव्हर महिन्याभराने नव्या रंगाखालून फुगा होऊन वर येतो, आणि नेमका तिथेच येतो जिथे पुसायला कंटाळा आलेला असतो.

राहिलेला गंज ८० आणि १२० नंबरने घासा. खड्ड्यांतला काळा गंज पेपरने निघत नाही. त्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून फडकं भिजवा आणि ते नळीवर गुंडाळून काही तास ओलं ठेवा. दर तासाला उचलून बघा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने पुन्हा धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. ओलं पोलाद डोळ्यांदेखत नारिंगी पडतं. आम्ल क्रोमपासून लांब ठेवा. हायड्रोक्लोरिक आम्ल तर फ्रेमसाठी वापरूच नका, नळ्यांच्या आत गेलेलं नीट धुता येत नाही.

फॉस्फरिक आम्लाचं गंज-रूपांतरक वापरलं तर त्यावर सेल्फ-एच (आम्लयुक्त, धातूला किंचित खाऊन धरणारा) प्रायमर मारू नका. एकावर एक दोन आम्लांचे थर नीट धरत नाहीत. त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा, तोही रूपांतरकाच्या डब्यावरचं वाचून, कारण काही प्रकार आधी धुऊन काढायचे असतात.

धातू उघडा झाला की १८० आणि २४० नंबरने एकसारखा घासा. हाताने घासताना लगच्या कडेवर जोर देऊ नका. सपाट नळीपेक्षा त्या धारेवर दाब कितीतरी पट पडतो आणि चार फेऱ्यांत ती गोल होते.

घरी स्प्रे करताना

फ्रेम आणि चिमट्यासाठी ४०० मिलिलिटरचे कॅन धरले तर प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन. फिकट पिवळा, लाल अशा कमी झाकणाऱ्या रंगांना तीन लागतात. लालसाठी राखी प्रायमर चालतो, पिवळ्याखाली पांढरा हवा. नाहीतर प्रायमरच दिसत राहतो आणि झाकायच्या नादात ओघळ येतात. शक्यतो प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या.

हवा २० ते २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असलेला दिवस निवडा. दमट हवेत लॅकरवर दुधाळ पापुद्रा येतो. उघडी हवेशीर जागा, पण वारा आणि धूळ नको. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते. फ्रेम सीट ट्यूबमध्ये घातलेल्या जुन्या पाईपवर उभी करा किंवा हेड ट्यूबमधून तार घालून टांगा, सगळीकडून हात फिरला पाहिजे. आटे, हेडसेटची बैठक, क्रोम आणि एक्सलच्या खाचांचे सपाट चेहरे मास्किंग टेपने झाका. बॉटम ब्रॅकेटच्या तोंडात गुंडाळलेला कागद खोचा.

शेवटची पुसणी सगळ्यात महत्त्वाची. मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने एका फडक्याने पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त इकडून तिकडे फिरतं. यानंतर उघड्या हाताने फ्रेमला शिवू नका. बोटाच्या ठशाचं तेल, शेजारी कुणी मारलेला सिलिकॉन स्प्रे किंवा साखळीचं तेल यांमुळे रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यावर रंगाचा थर वाढवून ते बुजत नाहीत. वाळवून घासायचं, पुन्हा पुसायचं, मग पुढे.

कॅन कोमट पाण्यात, जास्तीत जास्त ३५-४० अंशांच्या, दहा मिनिटं ठेवा आणि मग दोन-तीन मिनिटं हलवा. गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ कधीच नाही. फ्रेमपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. नळी सुरू होण्याआधी बटण दाबा आणि संपल्यावर सोडा, म्हणजे टोकाला थेंब साचत नाहीत. आधी फ्रेम उलटी धरून अवघड जागा: बॉटम ब्रॅकेटचं पोट, मागच्या नळ्यांच्या आतल्या बाजू, ब्रेकचा पूल, लगच्या खाचा. मग सुलटी करून लांब नळ्या. उलट क्रमाने गेलात तर कोपऱ्यांपर्यंत पोचण्याच्या प्रयत्नात आधीच ओल्या असलेल्या नळीवर थर चढतो आणि ओघळ सुटतो.

प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. बारीक खड्डे राहिले असतील तर लांबी (पुट्टी) इपॉक्सी प्रायमरवर भरा. सेल्फ-एच प्रायमरवर पॉलिएस्टरची लांबी भरू नये, ती सुटते. लांबी घासून झाल्यावर त्यावर पुन्हा प्रायमर. पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा. मेटॅलिक रंग असेल तर ६०० ने, नाहीतर घासल्याच्या रेघा चमकीतून दिसतात.

रंगाचा पहिला हात इतका हलका द्या की खालचा प्रायमर आरपार दिसेल. त्या खडबडीवर पुढचे हात धरतात. मग तीन-चार मध्यम हात. डब्यावर 'पुढचा हात एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर' असं काही लिहिलेलं असतं, ते अक्षरशः पाळा. मधल्या वेळेत वरची साय धरलेली असते आणि खालचा थर अजून मऊ असतो. नव्या हातातलं थिनर त्या साईत शिरून तिला फुगवतं आणि काही सेकंदांत सगळी नळी सुरकुतते. त्याला पुन्हा घासण्याशिवाय इलाज नाही. ओघळ आलाच तर ओल्यात बोट लावू नका. दोन दिवस वाळू द्या, छोट्या सपाट ठोकळ्याला १००० नंबरचा पेपर लावून फक्त ओघळाचा माथा घासा, मग वरून हलका हात. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर बहुधा अंतर जास्त होतं किंवा कॅन थंड होता.

अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या प्रकारची असतील तर रंग आणि क्लिअरच्या मध्ये बसवा आणि रात्रभर सुकू द्या. त्यांच्यावर क्लिअरचे पहिले दोन हात धुक्यासारखे हलके हवेत, पहिलाच ओला हात दिला तर कडा वळतात.

क्लिअर शक्यतो दोन घटकांचा घ्या, ज्याच्या कॅनच्या तळाचं बटण दाबून आतला हार्डनर फोडायचा असतो. साधा एक घटकाचा क्लिअर थिनरने किंवा साखळी धुण्याच्या द्रावणाने मऊ पडतो, हा पडत नाही. पण त्यात आयसोसायनेट असतं, ज्याने दमा जडू शकतो. धुळीचा कागदी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफांसाठीच्या नव्या कार्ट्रिजचा घट्ट बसणारा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या आणि मोकळी हवा, हे चारही नसतील तर साधा क्लिअर वापरा. बटण दाबल्यावर कॅन मर्यादित वेळच टिकतो, म्हणून फ्रेम आणि चिमटा एकाच बैठकीत संपवा.

पावडर कोटिंगला देताना

इथे तुमचं काम निम्मं आधी आणि निम्मं बोलण्यात. फ्रेम पूर्ण सुटी, ग्रीस काढलेली, आणि जमल्यास रंगही काढलेली न्या. ब्लास्टिंगचा वेळ वाचतो आणि पातळ नळ्यांवरचा माराही कमी होतो. रंग निवडताना 'येत्या काही दिवसांत तुमच्याकडे कोणता रंग लावला जाणार आहे' असं विचारा. रंग बदलताना बूथ आणि बंदूक पूर्ण साफ करावी लागते. दुसऱ्याच्या मालाबरोबर तुमची एक फ्रेम टांगली तर तो खर्च तुमच्या माथी येत नाही. चकचकीत काळा जवळजवळ नेहमीच असतो.

मग अटी स्पष्ट सांगा, कागदावर लिहून फ्रेमला बांधा. मारा काचेच्या मण्यांचा किंवा बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, दाब ४०-६० पीएसआयच्या आसपास, एका जागी न थांबता. फाटकाच्या लोखंडावर वापरतात ती जाड वाळू नको. रंग ४०० अंशांच्या भट्टीत जाळून काढणं नको. मारा झाल्यावर काही तासांच्या आत पहिला थर, कारण उघडं पोलाद लगेच गंज धरतं. पावडर पॉलिएस्टरची. इपॉक्सी पावडर खालचा प्रायमर म्हणून उत्तम, पण वरचा थर म्हणून उन्हात खडूसारखी होते. पावसात वापर असेल तर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर आग्रहाने मागा. पावडरला खोल ओरखडा पडला की पाणी थराखालून पसरतं आणि पुढे अखंड पापुद्रा सोलून येतो. जस्त ते थोपवतं.

झाकायचं काम स्वतः करून नेलंत तर उत्तम. साधा मास्किंग टेप भट्टीत जळतो. उष्णता सोसणारा पॉलिएस्टर टेप आणि सिलिकॉनची बुचं लागतात. आट्यांसाठी जुने बोल्टही चालतात. झाकायच्या जागा: बॉटम ब्रॅकेटचे आटे, डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) आटा, बाटलीचे एम५ आटे, हेड ट्यूब आणि सीट ट्यूबची आतली बाजू, हेड ट्यूबचे दोन्ही काठ, चिमट्याचे आटे आणि क्राउनवरची बैठक, एक्सलच्या खाचांचे चेहरे. २७.२ मिमीच्या सीट ट्यूबमध्ये दशांश मिलिमीटर पावडर गेली तरी पोस्ट शिरत नाही.

लांबी भरलेली फ्रेम भट्टीत देऊ नका. साधी लांबी तापून फुगते किंवा गळून पडते. पोचा पितळेने भरा, नाहीतर तसाच ठेवा. झाळेच्या सांध्यांमधून आणि खोल गंजातून वायू सुटून पावडरमध्ये टाचणीएवढी छिद्रं पडतात, म्हणून पावडर मारण्याआधी फ्रेम एकदा रिकामीच तापवायला सांगा. नळ्यांची वाफ जाण्याची बारीक छिद्रं बुजली नाहीत ना, तेही बघा.

घ्यायला जाल तेव्हा टॉर्च न्या. पावडर विद्युतभाराने चिकटते आणि अरुंद कोपऱ्यांत तो भार पोचत नाही. त्यामुळे मागच्या नळ्यांमधली बेचकी, ब्रेकच्या पुलाची पाठ आणि लगच्या आतल्या खाचा उघड्या राहिल्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिथे करडा धातू दिसला तर तिथल्या तिथे दाखवा. फ्रेम हलवून ऐका, आत मण्यांचा खुळखुळाट असेल तर बॉटम ब्रॅकेटमधून हवा मारून सगळे बाहेर काढा. एक मणी बेअरिंगमध्ये गेला तरी वाटी खरवडते.

जोडणी

घाई इथेच नडते. दोन घटकांच्या क्लिअरला आठवडाभर द्या, साध्या एनॅमलला दोन-तीन. हाताला कोरडं लागणं वेगळं आणि कडक होणं वेगळं. कच्च्या रंगावर आवळलेलं डिरेलरचं कडं कायमचा ठसा उमटवतं. तरीही प्रत्येक कड्याखाली जुन्या ट्यूबची पातळ पट्टी घाला.

बॉटम ब्रॅकेटचे आटे योग्य मापाच्या टॅपने साफ करून घ्या. वाटी रंगातून जोराने फिरवू नका. एक्सलच्या खाचांच्या चेहऱ्यांवर रंग असेल तर तो धातूपर्यंत खरवडा. नटाखालचा रंग दाबाने चेपत जातो, नट आपोआप सैल होतो आणि चढावर जोर दिला की मागचं चाक तिरकं सरकतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा आवळा. क्राउनवरच्या बैठकीवरही रंग नको, नाहीतर हेडसेट एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला सैल लागतो.

नळ्यांच्या आतून गंजरोधक मेणाचा स्प्रे किंवा उकळलेलं जवसाचं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) सोडायचं ते रंग पूर्ण झाल्यावरच. आधी सोडलं तर तेच तेल स्प्रेमध्ये खड्डे पाडतं आणि भट्टीत धूर होऊन बाहेर येतं. दोन-तीन चमचे तेल सीट ट्यूब आणि हेड ट्यूबमधून ओता, फ्रेम सगळ्या दिशांना फिरवा, उरलेलं बॉटम ब्रॅकेटमधून निथळू द्या आणि दोन दिवस थांबून मगच ग्रीस भरा. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेतो. ती बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.